शरदातील परसबाग आणि फूल तोडण्याचा प्रश्न

आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांच्या शरद ऋतूत घरामागच्या बागेला जे रूप येते ते वर्षभरात पुन्हा येत नाही. आणि नेमक्या याच ऋतूत नवरात्र, दसरा, दिवाळी आणि तुळशीविवाह अशा ओळीने येणाऱ्या सणांसाठी पाने, फुले, फांद्या आणि फळे यांची तोड सर्वाधिक होते. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेल्या उंद्रीसारख्या गावात हा विरोध सहज नजरेस येतो. या पट्ट्यातील काळ्या जमिनीत सोयाबीन, कपाशी आणि तूर ही मुख्य पिके असून सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकत आली, की घरच्या बायकामाणसांचे लक्ष परसाकडे, म्हणजे वऱ्हाडी बोलीतल्या सांदवाडीकडे वळते. पाऊस ओसरलेला, जमिनीत ओल टिकून असलेली आणि ऊन पुन्हा कडक झालेले अशा या दिवसांत वालाचा वेल मांडवावर चढलेला असतो, दोडक्याचा वेल उतरणीला लागलेला असतो, मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ माजलेली असते, सीताफळाचे डोळे उघडू लागतात, शेवंतीला कळ्या धरतात आणि झेंडू ऐन बहरात असतो. या सगळ्याचा आनंद निर्दोष आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु वनस्पती सजीव आहे आणि तिला सुखदुःखाची जाणीव आहे असे ज्या परंपरेने निःसंदिग्धपणे सांगितले, तिनेच देवाच्या पूजेला पान आणि फूल विहित मानले. तेव्हा फुलझाडे वाढवणाऱ्या, तण उपटणाऱ्या, कीड मारणाऱ्या आणि पहाटे परडीभर फुले खुडणाऱ्या गृहस्थाच्या या आनंदाचे नैतिक स्थान कोणते, हा प्रश्न टाळता येत नाही.

वनस्पतीच्या सजीवत्वाविषयी भारतीय ग्रंथांत संदिग्धता फारशी नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना अंतःसंज्ञ, म्हणजे बाहेर न दिसणारी आतली जाणीव असलेल्या, असे म्हटले असून त्यांना सुख आणि दुःख असते असे स्पष्ट विधान केले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्म या उपपर्वात, भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादाच्या रूपाने या मताची जी चर्चा येते ती अधिक रंजक आहे, कारण तेथे केवळ विधान नसून युक्तिवाद आहे. झाडाला ना कान ना डोळे, मग त्याचे शरीर पंचमहाभूतांचे कसे म्हणावे, अशी भरद्वाजाची शंका आहे आणि तिला भृगूने दिलेली उत्तरे बागेत वावरणाऱ्या माणसाची वाटतात: उष्णतेने पान कोमेजते म्हणून झाडाला स्पर्श कळतो, मेघगर्जनेने फळे-फुले गळतात म्हणून त्याला ऐकू येते, वेल आधार शोधत त्याच्याभोवती वेढे घेत जातो आणि दृष्टीवाचून वाट सापडत नाही, म्हणून त्याला दिसते, धुपाने रोग जाऊन झाड फुलते म्हणून त्याला गंध कळतो, आणि ते मुळांनी पाणी पिते म्हणून त्याला चव आहे. या अनुमानांतील काही आज टिकणार नाहीत. तरीही वालाच्या वेलाचा शेंडा चार दिवस न्याहाळणाऱ्याला भृगूच्या तिसऱ्या मुद्द्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी वनस्पतींच्या प्रतिसादाची यंत्रांनी मोजणी केली आणि 1917 साली कोलकात्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली, तेव्हा या प्राचीन मताला विज्ञानाची साक्ष मिळाल्याचे अनेकांना वाटले. पण वनस्पती प्रतिसाद देते हे सिद्ध झाल्याने तिला दुःख होते हे आपोआप सिद्ध होत नाही, आणि धर्मचिंतनातील प्रश्न त्या सिद्धतेसाठी थांबलेलाही नव्हता.

जैन दर्शनाने हा विषय सर्वांत काटेकोरपणे मांडला. त्यानुसार वनस्पतिकाय, म्हणजे वनस्पती हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, एकेंद्रिय असतात. त्यांना केवळ स्पर्शाचे ज्ञान असते. त्यांतही जेथे एका शरीरात एकच मुख्य जीव असतो त्या 'प्रत्येक' वनस्पती आणि जेथे एकाच शरीरात अनंत जीव नांदतात त्या 'साधारण' वनस्पती असा भेद केला असून बटाटा, आले, मुळा यांसारखे कंद दुसऱ्या वर्गात येत असल्याने ते वर्ज्य ठरतात. असे असूनही जैन आचार्यांनी गृहस्थाला अशक्य व्रत सांगितले नाही. मारण्याच्याच हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा, घरकामात अटळपणे होणारी ती आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात होणारी ती उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी ती विरोधी, अशा चार प्रकारांपैकी पहिलीचा पूर्ण त्याग त्याच्याकडून अपेक्षित आहे आणि उरलेल्या तिन्हींमध्ये सावधपणा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे विकाराने वा बेफिकिरीने वागण्याशी जोडलेली आहे. परसबागेतील खुरपणी या हिशेबाने आरंभी हिंसेत मोडते, आणि कंटाळा घालवण्यासाठी जाता-येता पाने ओरबाडणे मात्र प्रमादात जाते; हाताची क्रिया दोन्हीकडे जवळजवळ तीच असली तरी.

वैदिक परंपरेतील गृहस्थधर्माचा विचारही याच दिशेने जातो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना', म्हणजे नकळत जीव मारले जाण्याची ठिकाणे, सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांमुळे रोज घडणाऱ्या दोषाचे क्षालन व्हावे म्हणून पाच महायज्ञ नेमले असून त्यांतील भूतयज्ञ हा इतर प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देण्याचा विधी आहे. या यादीत खुरपे नाही. ते असायला हरकत नव्हती, कारण ज्याच्या घरामागे चार वाफे आहेत त्याच्या हातून चुलीपेक्षा खुरप्याने अधिक जीव जातात. त्याच ग्रंथाच्या प्रायश्चित्तप्रकरणात मात्र वनस्पतींचा विचार स्वतंत्रपणे येतो: फळझाडे तोडणाऱ्याने शंभर ऋचांचा जप करावा, आणि शेतात लावलेल्या किंवा रानात आपोआप उगवलेल्या वनस्पती 'वृथा', म्हणजे निष्कारण, छाटणाऱ्याने एक दिवस दुधावर राहून गाईमागे फिरावे. प्रायश्चित्ताच्या स्वरूपापेक्षा त्याला घातलेली 'वृथा' ही अट महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे दोष तोडण्यातून काढून निष्कारणतेत ठेवला जातो. परंतु येथेच अडचणही सुरू होते, कारण कारण सांगता येत नाही असा माणूस विरळा, आणि देवाचे कारण तर सर्वांत सोयीचे.

या सोयीवर महाराष्ट्रात सर्वांत तीक्ष्ण टीका ज्ञानेश्वरांनी केली आहे. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचे विवेचन करताना अहिंसेशी येताच ते थांबतात आणि अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेची प्रथम झडती घेतात. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाभोवती कुंपण घालावे, तसा यज्ञातील हिंसेतून अहिंसा साधू पाहणाऱ्या पूर्वमीमांसकांचा प्रकार आहे, असा त्यांचा रोख आहे. आणि तेथून ते आयुर्वेदाकडे वळतात. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवाची मुळे खणायची, साल सोलायची, पाला ओरबाडायचा, ही कोणती अहिंसा, हा त्यांचा प्रश्न वैद्यकाला अडचणीत टाकणारा आहे. विशेष म्हणजे हा प्रश्न शरद ऋतूशी थेट निगडित आहे, कारण चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी गोळा करण्याचे जे काळ सांगितले आहेत त्यांत साल, कंद आणि चीक यांच्यासाठी शरद हाच काळ नेमला आहे. औषधी काढणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्र नेसून, पूर्वेला वा उत्तरेला तोंड करून ती काढावी, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे वैद्यालाही आपण काही घेत आहोत याची जाणीव होती; ज्ञानेश्वरांचे म्हणणे एवढेच, की जाणीव असली तरी घेणे हे घेणेच राहते.

या खंडनानंतर ज्ञानेश्वर जे चित्र रेखाटतात ते बागेच्या संदर्भात अतिशय बोलके आहे. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे तो पुरुष जमिनीवर पाऊल कसे टाकतो हे सांगताना त्यांनी कमळावर बसणाऱ्या भुंग्याचा दृष्टांत दिला आहे: केसर दुखावतील या शंकेने भुंगा पाय अलगद ठेवतो. भुंगा फुलाकडे जातो तो भोगासाठीच. मध तो घेतोच. ज्ञानेश्वरांनी निवडलेला अहिंसेचा आदर्श फुलापासून दूर राहणाऱ्या विरक्ताचा नाही, तो फुलाचा आस्वाद घेणाऱ्याचा आहे, आणि फुलाचे त्यात काही बिघडत नाही. परागीभवनाचे शास्त्र तेराव्या शतकात ठाऊक नव्हते. अन्यथा भुंग्याच्या या भोगानेच फळ धरते, हेही त्यांनी दृष्टांतात गोवले असते असे म्हणण्याचा मोह होतो. उंद्रीच्या परसातील दोडका आणि भोपळा यांच्याबाबत तर हे अक्षरशः खरे आहे, कारण त्यांची नर-फुले आणि मादी-फुले वेगळी असल्याने कीटक फिरकला नाही, तर फळच धरत नाही, आणि कीड मारण्यासाठी फुलोऱ्यात केलेली फवारणी पुष्कळदा या पाहुण्यांनाही मारते.

बागेतला आनंद घेण्याचे या ऋतूतील विधी भुंग्याच्या या कसोटीवर पाहिले, तर त्यांत दोन अगदी भिन्न प्रवृत्ती दिसतात आणि त्या एकाच घरात, कधी एकाच आठवड्यात, शेजारी नांदतात. घटस्थापनेला शेतातली माती आणून, पत्रावळीवर वा टोपलीत पसरून, तीत गहू किंवा इतर धान्ये पेरली जातात आणि मध्ये पाण्याचा घट ठेवला जातो. नऊ दिवस घरातील कोणीतरी त्या मातीला बेताने पाणी घालते, आणि अंकुर हाताएवढे झाले की कौतुक करते. रब्बीच्या बियाण्याची उगवण पाहण्याची ही जुनी घरगुती रीत असावी असेही मानले जाते. येथे पूजा म्हणजेच वाढवणे आहे. पण त्याच घटावर रोज एक फुलांची माळ चढते, आणि तिच्यासाठी झेंडू, शेवंती, तरवड यांची तोड चालू असते. दसऱ्याला ते कोवळे धान्यही उपटून देवाला वाहिले जाते, टोपीत खोवले जाते. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीची पूजा करून तिच्या सावलीत जेवण्याची प्रथा आहे. आवळी-भोजनात झाडाचे काहीच घेतले जात नाही. माणसे झाडाजवळ जातात, त्याच्याखाली बसतात आणि जेवून उठतात. बागेच्या आनंदाला धर्माने दिलेले याहून निर्मळ रूप शोधून सापडणे कठीण आहे, आणि दुर्दैवाने सणांच्या गर्दीत हाच विधी सर्वांत मागे पडलेला आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या तुळशीविवाहात तर झाडालाच वधू मानले जाते. उसाचा मांडव घातला जातो, बोरे, आवळे, चिंचा वाहिल्या जातात, आणि तोवर नवी बोरे न खाण्याचा नेम अनेक घरांत पाळला जातो. या नेमाची फळ पिकू देण्यास मदत होते, ही गोष्ट त्याच्या धार्मिक अर्थाला बाधक नाही. भोग आणि संयम यांची सांगड कॅलेंडरवर घालण्याची ही रीत चातुर्मासातील वांगी-कांद्याच्या वर्ज्यतेतही दिसते.

भाद्रपदातील ऋषिपंचमी शरदाच्या उंबरठ्यावर येते, आणि परसबागेला तिने दिलेले महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खाऊ नये, असा नेम असल्याने नांगरट न करता, माणसाच्या हाताने लावलेल्या भाज्यांचीच ऋषीची भाजी केली जाते. शेत आणि परस यांच्यातील फरक येथे आकाराचा न राहता नैतिक होतो: दुसऱ्या प्राण्याला राबवून मिळवलेले अन्न एकीकडे आणि स्वतः वाकून मिळवलेले अन्न दुसरीकडे. बुलढाणा जिल्ह्यात या तिथीला आणखी एक महत्त्व आहे, कारण शेगावच्या गजानन महाराजांनी 1910 साली ऋषिपंचमीलाच समाधी घेतली, आणि त्या दिवशी जिल्हाभरातून भाविक शेगावी जातात.

फूल तोडून वाहणे आणि झाड वाढवणे यांपैकी श्रेष्ठ काय, या प्रश्नाचे उत्तर मराठी भक्तिपरंपरेत कोणी आयुष्याने दिले असेल, तर ते सावता माळी यांनी. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव, ते नामदेव-ज्ञानेश्वरांचे समकालीन, आणि शके 1217, म्हणजे 1295 साली त्यांनी देह ठेवला असे परंपरा मानते. पंढरपूर जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, मळ्यातील कामालाच त्यांनी पूजा मानले, आणि म्हणून विठ्ठलाचीच पालखी पंढरपुराहून अरणला येते. त्यांच्या नावावरील अभंगांत कांदा, मुळा अशा मळ्यातल्या भाज्या, मोट आणि विहीर यांत विठ्ठल पाहिलेला आहे. या अभंगांचे कौतुक होते ते बहुधा साधेपणासाठी. त्यांतील तत्त्वज्ञानाचे धाडस दुर्लक्षित राहते. कांदा आणि मुळा या जमिनीतून समूळ उपटूनच घ्याव्या लागणाऱ्या भाज्या आहेत. जैन आचाराने दोन्ही वर्ज्य, आणि कांदा तर व्रतस्थ वैष्णवाच्या ताटातही न चालणारा. ईश्वर जर त्यांतच असेल, तर काढणीच्या वेळी उपटला जातो तोही ईश्वरच. महिपतींच्या 1762 सालच्या भक्तिविजयात येणारी कथा या विचाराला आणखी टोक देते: विठ्ठल लपायला जागा मागतो तेव्हा सावता खुरप्याने स्वतःचेच पोट उघडून त्याला आत घेतात. ज्या खुरप्याने रोज माती आणि मुळे कापली, तेच येथे स्वतःवर चालते. कथेचा इतिहास म्हणून विचार करण्याचे कारण नाही. पण घेणाऱ्याने देण्याचीही तयारी ठेवावी, हे नाते तिच्यात फार थेटपणे उभे राहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यात माळी समाज मोठ्या संख्येने असल्याने सावता महाराजांचे नाव येथे केवळ पाठ्यपुस्तकातले नाही.

या उत्तरावर एक आक्षेप राहतो, आणि तो आसक्तीचा आहे. झाडे वाढवणाऱ्याला ती 'आपली' वाटू लागतात, शेजाऱ्याच्या बकरीने शेवंती खाल्ली की त्याचा संताप अनावर होतो, आणि मग भक्तीचे साधन म्हणून सुरू झालेली बाग मालमत्ता होऊन बसते. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाचा जो उपदेश आहे तो याच रोगावर आहे. कालिदासाच्या शाकुंतलात, शकुंतलेच्या निरोपाच्या प्रसंगी, कण्व वृक्षांना सांगतात की ही मुलगी तुम्हाला पाणी दिल्याशिवाय स्वतः पीत नसे, आणि दागिन्यांची आवड असूनही मायेपोटी तुमचे पालव तोडत नसे. हे आसक्तीचे नव्हे तर मायेचे वर्णन आहे, आणि दोहोंतील सीमारेषा ओळखण्याची खूण त्याच प्रसंगात आहे: शकुंतला त्या झाडांना सोडून जाऊ शकते.

तोडणे म्हणजे नेहमीच हानी, असे समीकरण मात्र बाग राखणारा मान्य करणार नाही. शेवंतीचा शेंडा पावसाळ्यात खुडला तर फुटवे वाढतात आणि शरदात फुले अधिक येतात. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर झाड अधिक काळ टिकते. मंजिरी हे तुळशीच्या डोक्यावरचे ओझे आहे, ही बायकांची समजूत शेतीशास्त्राशी जुळणारी आहे. ज्ञानेश्वरांच्या कुंपणाच्या दृष्टांताचा येथे पुन्हा विचार करावा लागतो, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर तुळशीची खुडणी त्या टीकेतून सुटते, शेवंतीची पूर्णपणे सुटत नाही, कारण फुटवे वाढले तरी फुले अखेर माणसालाच हवी असतात. शास्त्रकारांनीही तोडण्याला बंधने घातली: तुळस रात्री आणि द्वादशीला तोडू नये, बेलाचे पान धुऊन पुन्हा वाहिले तरी चालते, आणि जमिनीवर पडलेले फूल पूजेला निषिद्ध असले तरी पारिजातकाला त्यातून सूट आहे. शरदात रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या पारिजातकाचे फूल तोडावे लागतच नाही. पुराणपरंपरेत तर आठ भावपुष्पे, म्हणजे मनाने वाहायची फुले, सांगितली आहेत आणि त्यांत पहिले अहिंसा हेच आहे.

या सर्व विचाराची खरी परीक्षा दसऱ्याला होते. सोने म्हणून वाटल्या जाणाऱ्या आपट्यासाठी चिखली-खामगावच्या बाजारांत फांद्यांचे भारे येतात. पान नीट न ओळखल्याने आपट्याच्या लहान, जाडसर पानाऐवजी कांचनाच्या फांद्याही तोडल्या जातात. आणि दुसऱ्या दिवशी तो सगळा पाला उकिरड्यावर दिसतो. मनूच्या अटीप्रमाणे ही तोड 'वृथा' ठरते, कारण प्रथेला एक पान पुरते. ज्या कथेच्या आधारे हे चालते ती रघू आणि कौत्स यांची आहे. गुरुदक्षिणेसाठी कौत्साला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघूने कुबेराकडून मिळालेले सारेच धन त्याच्यापुढे ठेवले, आणि लोककथा सांगते की ते सोने आपट्याच्या झाडावर वर्षले होते. कौत्साने त्यातून चौदा कोटीच घेतल्या. राजा आग्रह करत असतानाही त्याने एक मुद्रा अधिक उचलली नाही. आपटा ओरबाडून साजरा होणारा दसरा त्या कथेच्या विरुद्ध जातो.